तलवारीचं घर, माळ्याची बाग

जपानच्या होन्शू बेटाच्या पश्चिम टोकाला, समुद्राकाठी हागी नावाचं गाव आहे. चोशू संस्थानच्या मोरी घराण्याची ही जुनी राजधानी. किल्ल्याजवळ सामुराईंचे वाडे होते. बाहेरून मातीच्या उंच भिंती, भक्कम दरवाजा, आत लाकडी घर आणि घरासमोर बाग. १८६८ मध्ये जपानात मेइजी राजवट आली. ती आणण्यात चोशूचे सामुराईच पुढे होते, आणि त्याच राजवटीनं आठ वर्षांच्या आत संस्थानं खालसा केली, सामुराईंचे तनखे गुंडाळले आणि कमरेला तलवार लावून हिंडायला बंदी घातली. लढणं सोडून दुसरं काही न शिकलेल्या घरांवर उपाशी मरायची पाळी आली. तेव्हा ओबाता ताकामासा नावाच्या जुन्या सामुराईनं १८७६ मध्ये एका जातीच्या आंबट नारिंगाची रोपं लोकांना वाटली. मोडलेल्या वाड्यांच्या आवारात नारिंगाच्या बागा उभ्या राहिल्या. घरं गेली, पण मातीच्या भिंती कुणी पाडल्या नाहीत, कारण समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला झाडांसाठी आडोसा हवा होता. आज हागीला जाणारे प्रवासी त्या भिंती बघायला जातात आणि भिंतीवरून डोकावणाऱ्या पिवळ्या फळांचे फोटो काढतात.

संपादकांनी यंदा ‘लढवय्यांची घरं’ हा विषय दिला, तेव्हा सोबत अशाच एका सामुराई घराचे आणि बागेचे फोटो पाठवले होते. मी राहते बंगळुरूत. इथं सामुराई कुठून आणायचा? पण विचार करू लागले तसं लक्षात आलं की लढवय्याचं लाकडी घर इथं आहे आणि त्याची बागही आहे. फक्त घर एकीकडे, बाग दुसरीकडे. मधे दोनेक किलोमीटरची रहदारी. शिवाय आणखी एक घर आहे, ज्याचं नाव उरलंय आणि भिंत एकही नाही. ते घर मराठी माणसाचं. ही तिन्ही ठिकाणं एकाच प्रश्नासाठी बघावीत असं ठरवलं. तलवारीच्या जोरावर उभं राहिलेलं घर, तलवार गेल्यावर कशाच्या जोरावर टिकतं?

बाजाराच्या पाठीमागे

कृष्णराजेंद्र मार्केटच्या मेट्रो स्टेशनातून वर आलं की आधी फुलांचा वास येतो, मग बसचा धूर. शेवंतीचे ढीग, मोगऱ्याचे हात, कोथिंबिरीच्या जुड्या, हमालांचं ‘दारी बिडी, दारी बिडी’ असं वाट मागणं. या गर्दीतून कलासिपाळ्याच्या दिशेनं गेलं की कोटे वेंकटरमण स्वामींचं देऊळ लागतं. ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयारांच्या काळातलं, सतराव्या शतकाच्या अखेरीचं. त्याला खेटूनच टिपू सुलतानाचा उन्हाळी महाल.

हे काम हैदर अलीनं १७८१ मध्ये काढलं आणि टिपूनं १७९१ मध्ये पुरं केलं. महाल म्हणताना जे डोळ्यांसमोर येतं, त्या मानानं ही वास्तू लहान आहे. दोन मजले, पुढे-मागे खुली दालनं आणि सागवानी खांबांच्या रांगा. वरच्या मजल्यावर सज्जे आहेत. तिथं बसून सुलतान खाली जमलेल्यांचं ऐकून घेई, असं सांगतात. कोपऱ्यांत छोट्या खोल्या आहेत, त्या जनान्याच्या.

एका खांबापाशी मी बराच वेळ उभी राहिले. खाली दगडी बैठक, त्यावर सागाचा खांब. लाकूड थेट जमिनीला टेकलेलं नाही, त्यामुळे ओल वर चढत नाही आणि वाळवीला वाट सापडत नाही. खांब वर जाताना बारीक होत जातो आणि माथ्यावर कमानीला भिडतो. कमानीच्या पाकळ्या अशा कातलेल्या आहेत की खालून बघताना त्या लाकडाच्या वाटतच नाहीत. पूर्वी भिंती आणि छत वेलबुट्टीनं मढलेलं होतं. आता बहुतेक ठिकाणी तपकिरी रंग तेवढा दिसतो, पण छताच्या कोपऱ्यात, जिथं हात पोचत नाहीत आणि ऊनही पोचत नाही, तिथं रंगवलेल्या फुलांची ओळ अजून शिल्लक आहे. हात पोचतो त्या उंचीवर मात्र काही उरलेलं नाही. पहारेकरी शाळेच्या पोरांना ओरडत होता, “मुट्टबेडी, मुट्टबेडी!” हात लावू नका. पोरं हात मागे घ्यायची आणि पुढच्या खांबाला लावायची.

इथल्या फारसी लेखात या घराला ‘रश्क-ए-जन्नत’ म्हटलंय. स्वर्गालाही हेवा वाटावा असं घर. घराच्या नशिबात मात्र हेवा वाटावा असं फारसं काही नव्हतं. ज्या १७९१ साली ते पुरं झालं, त्याच वर्षी २१ मार्चला लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेनं तटाला खिंडार पाडून महालाभोवतीचा किल्ला घेतला. त्याच मोहिमेत इंग्रजांच्या बाजूनं परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांच्या मराठी फौजा होत्या. त्या पुढे श्रीरंगपट्टणच्या वाटेवर येऊन मिळाल्या. कॉर्नवॉलिसच्या फौजेबरोबर चित्रकार रॉबर्ट होमही होता, आणि इंग्रजी पलटणीतल्या जेम्स हंटरनं काढलेल्या चित्रांत हा महाल ओळखू येतो. तहानंतर किल्ला टिपूला परत मिळाला, पण त्याचं बिऱ्हाड मुख्यतः श्रीरंगपट्टणलाच असे. ४ मे १७९९ ला तो तिथंच लढताना पडला.

कारकुनांनी राखलेला महाल

लढाई हरलेल्या राजाचं लाकडी घर, तेही जिंकणाऱ्याच्या ताब्यात. अशा घराचं सरपण व्हायला कितीसा वेळ? टिपूचाच श्रीरंगपट्टणातला लालमहाल पुढे पाडला गेला. आज तिथं अवशेष उरले आहेत. बंगळुरूचा महाल वाचला, तो कुणाच्या कलाप्रेमामुळे नव्हे. १८३१ मध्ये इंग्रजांनी म्हैसूरचा कारभार हाती घेतला आणि कारभाराचं ठाणं बंगळुरूत आणलं. कचेऱ्यांना जागा हवी होती. महालात छप्पर होतं, हवा होती, दालनं होती. टेबलं लागली, दप्तरं आली, शिपाई बसले. १८६८ मध्ये नवी लाल कचेरी, म्हणजे अट्टारा कचेरी, बांधून झाली आणि सगळा संसार तिकडे हलला. तोवर जवळजवळ चार दशकं या घराला रोजचं काम होतं.

कचेरीमुळे घराचं रूप बिघडतं हे खरं. पण कचेरी असली की कौल फुटलं तर बदललं जातं, गळती लागली तर अर्ज जातो, रोज सकाळी कुणीतरी केर काढतं. रिकाम्या वाड्यात या तीनही गोष्टी होत नाहीत.

पुणेकरांना हे नव्यानं सांगायला नको. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबाग वाडा आणि शनिवारवाडा, दोन्ही एकाच सत्तेची घरं. शनिवारवाड्यातली लाकडी इमारत १८२८ च्या आगीत गेली, तट आणि दरवाजे राहिले. विश्रामबाग वाड्याला पेशवाई बुडाल्यावर संस्कृत पाठशाळा मिळाली, पुढे शाळा, नगरपालिका, पोस्ट अशी एकामागून एक कामं मिळत गेली. आग तिथंही लागली, १८७९ मध्ये. पण वाड्याची गरज असलेली माणसं आसपास होती म्हणून तो पुन्हा उभा राहिला. त्याचे सुरूच्या झाडासारखे कोरलेले खांब आज आपण बघतो, याचं श्रेय कारकून, मास्तर आणि पोस्टमन यांनाही द्यायला हवं.

टिपूचा महाल आज पुरातत्त्व खात्याकडे आहे. तळमजल्यावर छोटं संग्रहालय आहे आणि त्यात टिपूच्या प्रसिद्ध वाघाची प्रतिकृती. इंग्रज शिपायावर झेपावणारा तो अस्सल लाकडी वाघ लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. लोक येतात, वाघापाशी फोटो काढतात, वर जाऊन सज्ज्यातून खाली बघतात आणि अर्ध्या तासात बाहेर पडतात.

बसून बघायची बाग, चालून बघायची बाग

क्युशू बेटावर चिरान नावाचं गाव आहे. सात्सुमा संस्थानात सामुराईंना गावोगाव वसवलेलं असे. लढाई नसेल तेव्हा ते शेती करत. चिरानमधल्या त्यांच्या सात बागा आज राष्ट्रीय ठेवा म्हणून जपल्या आहेत. त्यांचा काळ अठराव्या शतकाचा मध्य. सातांतल्या एकाच बागेत तळं आहे. बाकीच्या सहांत पाण्याचा थेंब नाही. पांढरी वाळू दंताळ्यानं ओढून पाणी भासवायचं, मोठे खडक उभे करून डोंगर करायचे, मागे झुडपं कातरून डोंगरांच्या रांगा करायच्या आणि कुंपणापलीकडचा खराखुरा डोंगरही चित्रात ओढून घ्यायचा. दरवाजातून आत आलं की समोर आडवी भिंत येते, त्यामुळे रस्त्यावरच्याला घर दिसत नाही आणि चाल करून येणाऱ्याला सरळ घुसता येत नाही. बाग बघायची ती बैठकीच्या खोलीत, चटईवर बसून. पाहुण्यानं कुठं बसावं आणि तिथून कुठला दगड दिसावा हे आधीच ठरलेलं असतं.

त्याच सुमारास, १७६० मध्ये, हैदर अलीनं किल्ल्याच्या दक्षिणेला लालबाग आखली. नमुना होता सिऱ्याच्या मुघल बागेचा. टिपूच्या पाडावानंतर वर्षभरानं, १८०० मध्ये, कंपनीचा डॉक्टर फ्रान्सिस बुकानन इथं आला. त्यानं लिहून ठेवलंय की बाग चौकोनी वाफ्यांत विभागलेली होती, वाफ्यांमधून रस्ते, रस्त्यांच्या कडेला सुरूची झाडं, आणि एकेक वाफा एकेका जातीला दिलेला. एकात नुसते गुलाब, दुसऱ्यात नुसती डाळिंबं. फळझाडं आणि भाजीपालाही होता. ही बाग चालून बघायची. चौकोन संपला की पुढचा चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात धनी काय काय मिळवून आणू शकतो याचा दाखला. टिपूनं दूरदूरच्या मुलखांतून बिया आणि रोपं मागवली, ती याच हौसेनं.

जपानी बागेत आहे त्यातून वगळत जायचं, तर लालबागेत आणून भर घालत जायचं. ही भर घालण्याची खोड टिपूबरोबर संपली नाही. १८१९ च्या सुमारास बाग कंपनी सरकारकडे गेली, १८५६ मध्ये ती सरकारी वनस्पती उद्यान झाली आणि लंडनजवळच्या क्यू उद्यानात तयार झालेले माळी इथं येऊ लागले. जॉन कॅमेरॉननं १८७४ पासून तीन दशकांहून जास्त काळ ती सांभाळली. त्याच्या वेळी परदेशी भाज्या आणि फळझाडं इथून गावात गेली. बंगळुरूच्या सांबारात हमखास सापडणारं चाऊचाऊ तेव्हाचंच. काचघराचा पाया १८८९ चा. १९०८ मध्ये आला जर्मन गुस्ताव हेर्मान क्रुंबिगल. तो आधी बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या पदरी होता, म्हणजे मराठी दरबारातून म्हैसूर दरबारात आलेला माळी. रस्त्याकडेची झाडं अशी निवडायची की एका जातीचा बहर ओसरला की दुसरीचा सुरू व्हावा, ही त्याची कल्पना. आज बंगळुरूत गुलाबी टॅबेबुया फुलला की लोक त्याला इथला चेरी ब्लॉसम म्हणतात आणि त्याखाली उभं राहून फोटो काढतात. झाड मूळचं अमेरिका खंडातलं.

आजची लालबाग २४० एकरांची आहे. पहाटे तिथं गेलं तर बागेचं काम काय ते कळतं. मधुमेहाचे पेशंट, निवृत्त बँकवाले, योगवाले, हास्यवाले, पाठांतर करणारी मुलं, फळांचा रस विकणारे. मधोमध एक प्रचंड खडक पसरलाय; त्याचं वय सुमारे तीनशे कोटी वर्षं, आणि त्यावर बंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडांचा म्हणून ओळखला जाणारा छोटा बुरूज. चिरानच्या माणसाला असा खडक मिळाला असता तर त्यानं बाकी काही लावलंच नसतं. इथले लोक त्यावर सूर्यनमस्कार घालतात.

कुंडीतला वड

जपान लालबागेत आहेच, पण कुंडीत. एका कोपऱ्यात बोन्सायची बाग आहे. तिथं पाणी घालणाऱ्या माळ्याशी बोलत थांबले. त्याच्यापुढे उथळ ताटलीत एक वड होता, गुडघ्याएवढा, पारंब्यांसकट. एका फांदीवर तारेचे वळ उमटलेले. मी विचारलं, “अण्णा, तार कधी सोडायची हे कसं कळतं?” तो म्हणाला, “साल फुगायला लागली की सोडायची, सार. उशीर केला तर तार आत जाते, मग कापावं लागतं.” दक्खनी हिंदीत आणि कन्नडमध्ये मिळून तो एवढं बोलला आणि बोटानं ताटलीतली माती दाबून बघून पुढच्या कुंडीकडे वळला. वरची माती सुकली की पाणी, ओली असेल तर नाही. उन्हाळ्यात रोज, पावसाळ्यात बघून. बाईमाणसालाही बंगळुरूत ‘सार’ म्हणतात, त्यात वावगं काही नाही.

बागेतलं मोठं फुलांचं घड्याळ एचएमटीनं दिलेलं. एचएमटीचा मनगटी घड्याळांचा कारखाना १९६१ मध्ये बंगळुरूत निघाला तो जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिनाच्या सुमारास इथं पुष्पप्रदर्शन भरतं, त्यात इकेबाना आणि बोन्सायच्याही स्पर्धा असतात. काचघराच्या दाराशी तेव्हा मुंगीला वाट मिळत नाही. तिकिटाचे पैसे येतात, रोपं विकली जातात, फुलवाले नवे वाण बघून जातात. राजाच्या विरंगुळ्यासाठी आखलेल्या जागेला एवढा कामधंदा मिळाल्यावर ती ओस कशी पडेल?

तलवार माळ्याच्या हाती

हागीत तलवारवाले माळी झाले. बंगळुरूत उलटा प्रकार बघायला मिळतो, आणि तो बागेत नाही तर पेटेत, म्हणजे शहराच्या जुन्या बाजारपेठेत.

तिगळ, म्हणजेच वह्निकुल क्षत्रिय, हा इथला पिढीजात बागायतदार समाज. फुलं, भाजी, रोपवाटिका यांत मुरलेला. लालबागेच्या सुरुवातीच्या मशागतीशीही त्यांचं नाव जोडलं जातं. चैत्र पौर्णिमेच्या रात्री धर्मराय स्वामींच्या देवळातून त्यांचा करग निघतो. हा द्रौपदीचा उत्सव. करग वाहणारा पुजारी स्त्रीवेषात असतो, त्याच्या डोक्यावर मोगऱ्यानं झाकलेला उंच करग, म्हणजे घट, आणि त्याच्या भोवती नंग्या तलवारी घेतलेले वीरकुमार. करग डोक्यावरून ढळला तर वाहणाऱ्याला आपणच कापायचं, अशी त्यांची आण आहे. वर्षभर खुरपं धरणारे हात त्या रात्री तलवार धरतात. मिरवणूक पेटेच्या गल्ल्यांतून फिरते आणि तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यापाशीही थांबते.

या उत्सवाचं एक ठिकाण संपंगी तलाव. तलाव आता राहिलेला नाही. त्या जागी कंठीरव स्टेडियम आहे. पण त्याच्या कडेला पाण्याचा एक छोटा चौकोन ठेवलाय, कारण करगाच्या विधीला तो लागतो. अख्खा तलाव शहरानं गिळला आणि ज्या तुकड्याला काम होतं तेवढा सोडला.

शहाजीराजांचं घर

आता तिसरं घर. १६३८ च्या सुमारास विजापूरच्या फौजेनं, रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांनी, केंपेगौडांच्या वंशजाकडून बंगळूर घेतलं आणि पुढे ते शहाजीराजांना जहागीर मिळालं. जिजाबाई आणि बाल शिवाजी काही काळ इथं येऊन राहिल्याचं आपण शाळेपासून ऐकत आलो. जयराम पिंड्ये या कवीचं ‘राधामाधवविलासचंपू’ याच दरबारातलं, वि. का. राजवाड्यांनी ते संपादून छापलं म्हणून अनेक भाषांत काव्य करणारा तो दरबार आपल्याला माहीत आहे. परमानंदाच्या ‘शिवभारता’तही बंगळूरचं वर्णन येतं, वाडे, तळी आणि बागांसकट.

शहाजीराजांचा वाडा गौरी महाल या नावानं ओळखला जातो आणि तो चिकपेटेत होता असं सांगतात. म्हणून चिकपेटेत गेले. रेशमी साड्यांची दुकानं, जरीचे घाऊक व्यापारी, हातगाड्या, वर विजेच्या तारांचं जाळं. एका दुकानाच्या गल्ल्यावरचे आजोबा फोनवर अगदी मराठी बोलत होते, ‘जेवलास का रे’ हे कन्नड हेल काढून. पेटेत कापडाच्या आणि शिवणाच्या धंद्यातली भावसार, नामदेव शिंपी अशी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. शहाजीराजांचा वाडा कुठं, असं विचारल्यावर आजोबा म्हणाले, “नाव ऐकलंय हो ताई. जागा कोण दाखवणार?”

राजांचा मृत्यू १६६४ मध्ये होदिगेरेजवळ शिकारीत झाला. समाधी तिथं आहे. १६६९ चा, त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांच्या दानाचा शिलालेख मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवळात आहे. १६८७ मध्ये मुघलांनी बंगळूर घेतलं आणि तीन लाखांच्या व्यवहारात ते चिक्कदेवराज वडेयारांकडे गेलं. तोवर व्यंकोजीराजांनी आपला कारभार तंजावरला हलवला होता. समाधी टिकली कारण तिथं माणसं डोकं टेकवायला जातात. शिलालेख टिकला कारण देवळात रोज पूजा आहे. वाड्याला धनी गेल्यावर नवं काम मिळालं नाही, आणि भर बाजारातली जागा रिकामी कोण ठेवतो?

घराला काम द्या

जपानमधल्या कानाझावा गावात नोमुरा नावाच्या सामुराई घराण्याचं घर पर्यटक रांगा लावून बघतात. ते घर मूळचं नाही. मेइजी काळात जुनं घर गेलं आणि विसाव्या शतकात एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या घराचा भाग तिथं आणून बसवला. बागेचा आणि भिंतीचा काही भाग तेवढा जुना. म्हणजे सामुराईंच्या देशातही घरापेक्षा बाग चिवट निघाली. झाड रोज काहीतरी मागतं, पाणी, छाटणी, खत. त्यामुळे माणूस तिथं बांधला जातो. लाकूड काही मागत नाही आणि गुपचूप कुजतं.

महाराष्ट्रात सरदारांचे, देशमुखांचे, इनामदारांचे वाडे अजून शेकड्यांनी उभे आहेत. त्यांच्याबद्दल आपण बोलतो ते वारसा, अभिमान, अस्मिता या भाषेत, आणि मागणी करतो ती स्मारकाची. स्मारक म्हणजे वाड्याला कायमची सुट्टी. बंगळुरूत जे बघितलं त्यावरून मी तरी कुठल्याही वाड्याच्या मालकाला, गावाला आणि सरकारी खात्यालाही एकच प्रश्न आधी विचारीन: उद्या सकाळी या दरवाजातून कोण आत येणार आणि कशासाठी? वाचनालय चालेल, पाळणाघर चालेल, तलाठ्याची कचेरी चालेल, मागच्या परसात रोपवाटिका चालेल. उत्तर असेल तर कौलं बदलायला पैसे कुठून तरी निघतात. उत्तर नसेल, तर कोनशिला बसते आणि तिच्या मागे वाडा पडत राहतो.